गाढवीनं तोंड उघडलं तेव्हा

पत्र

बाई, नमस्कार.

मी वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात राहते. वय 39. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. आमची बोट नवरा आणि धाकटा दीर, दोघांच्या नावावर होती. दीर तांडेल आहे, बोट तोच चालवतो. पहिल्या हंगामात त्याने थोडे पैसे दिले, त्यानंतर एक रुपया नाही. विचारलं की म्हणतो, आधी इंजिनचं कर्ज फिटू दे. मी दुसऱ्यांच्या बोटीची मासळी विकत घेऊन बाजारात बसते.

गेल्या महिन्यात घरी रोझरीच्या प्रार्थनेला सगळे जमले होते. तेव्हा मी सगळ्यांसमोर हिशोब मागितला. दीर उठून गेला. चुलतसासरे म्हणाले, "बायबलमध्ये यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात काय लिहिलंय? वधायला नेलेल्या कोकराने तोंड उघडलं नाही. आपण ख्रिस्ती माणसं, त्यातून तू विधवा. जरा कोकरासारखी राहा." सासूबाई रडत होत्या. तेव्हापासून चर्चमध्ये मिस्सेला जाते, पण कम्युनियनला, प्रभूची भाकर घ्यायला, उठत नाही.

मुलगा 12 वर्षांचा आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातून मेंढराचं चित्र रंगवायला घेऊन आला. म्हणतो, "आई, मेंढरू मूर्ख असतं ना? मग आपण मेंढरं कशाला व्हायचं?" मला काही सांगता आलं नाही. बाई, खरं सांगा, मी तोंड उघडलं ते चुकलं का?

उत्तर

प्रिय बाय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर आधी सांगते, कारणं मागून. तू तोंड उघडलंस ते चुकलं नाही. येत्या रविवारी कम्युनियनला ऊठ. त्या संध्याकाळी रागाच्या भरात एखादा शब्द जास्त गेला असेल, तर तेवढ्यापुरतं फादरांपुढे कन्फेशन कर आणि मोकळी हो. हिशोब मागितल्याचं कन्फेशन करू नकोस, कारण ते पाप नाही.

आता चुलतसासऱ्यांनी सांगितलेलं वचन. यशयाच्या 53व्या अध्यायात ते आहे, आणि आपल्यासाठी ते फार पवित्र आहे. पण ते आपण चर्चमध्ये कधी ऐकतो ते आठव. गुड फ्रायडेच्या दुपारी, पहिलं वाचन. वेदीवर कापडसुद्धा नसतं, घंटा वाजत नाही, आणि कुणीतरी वाचत असतं की त्याचे हाल हाल झाले तरी त्याने आपलं तोंड उघडलं नाही. मग थोड्याच वेळाने, त्याच उपासनेत, आपण उभे राहून योहानाच्या शुभवर्तमानातलं प्रभूचं दुःखसहन ऐकतो. ते लांब असतं, पाय भरून येतात, लहान मुलं चुळबुळ करतात, आणि मधली एक ओळ बहुतेकांच्या कानावरून निघून जाते. येशूला बांधून चौकशीसाठी उभं केलेलं असतं. जवळ उभा असलेला एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. आणि येशू त्याला म्हणतो: मी वाईट बोललो असेन तर काय वाईट बोललो ते सांग, आणि बरोबर बोललो असेन तर मला मारतोस का?

बाय, हे योहान 18:23. एकाच दुपारी, एकाच चर्चमध्ये, अर्ध्या तासाच्या अंतराने आपण दोन्ही ऐकतो. ज्याला आपण वधाला नेलेलं कोकरू म्हणतो, त्यानेच थोबाडीत खाल्ल्यावर तोंड उघडलं आणि विचारलं, का? शिवी दिली नाही, हात उगारला नाही. विचारलं. तू रोझरीच्या संध्याकाळी केलंस ते याहून वेगळं काय होतं?

मग यशयाचं कोकरू खोटं का? मुळीच नाही. हेरोद राजापुढे येशू खरोखर गप्प राहिला, रोमन सुभेदार पिलातासमोरही काही प्रश्नांना त्याने उत्तर दिलं नाही. पण ते मौन त्याचं स्वतःचं होतं. योहानाच्याच 10व्या अध्यायात तो सांगतो की माझा जीव कुणी माझ्यापासून हिसकावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. कोकराचं ते मौन इतकं मोठं वाटतं ते त्यामुळेच. बारा वर्षांच्या पोराचा वाटा मात्र तुझ्या हातात नाही, की तू तो आपण होऊन सोडशील. तुझा स्वतःचा वाटा तू उद्या मनापासून सोडलास तर तुला कोण अडवणार? पण मुलाच्या वाट्याबाबत तू गप्प बसलीस तर तो त्याग ठरत नाही. नुकसान त्याचं होतं आणि नाव येशूच्या कोकराचं निघतं.

मला आणखी एक वाटतं. आपल्याकडे चांगल्या सुनेचं वर्णन करताना बायका काय म्हणतात? "अगदी गरीब गाय आहे हो." हा शब्द आपल्या अंगात इतका मुरलाय की बायबलमधलं कोकरू समोर आलं तरी आपल्याला त्यात तीच गरीब गाय दिसते. तुझ्या चुलतसासऱ्यांनी वचन यशयाचं सांगितलं, पण त्यांना अपेक्षित होती ती घरची गाय. बायबलमध्ये गाय अशी गरीब म्हणून कुठे आल्याचं मला आठवत नाही. आमोस संदेष्टा तर गरिबांना चिरडणाऱ्या शोमरोनच्या श्रीमंत बायकांना "बाशानाच्या गाईंनो" अशी हाक मारून झापतो.

तर तुझ्यासाठी मी बायबलमधलं कोणतं जनावर निवडेन? ऐकून दचकू नकोस. बलामची गाढवी.

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात ती आहे. मवाबच्या राजाने बलाम नावाच्या माणसाला इस्राएलला शाप द्यायला बोलावलेलं असतं. तो गाढवीवर बसून निघतो. वाटेत देवदूत नागवी तलवार घेऊन उभा आहे, पण बलामला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती रस्ता सोडून शेतात शिरते, मार खाते. पुढे द्राक्षमळ्यांच्या दोन भिंतींमधून चिंचोळी वाट असते, तिथे ती भिंतीला घासून जाते, बलामचा पाय चेंगरतो, ती पुन्हा मार खाते. तिसऱ्यांदा जागाच उरत नाही, तेव्हा ती खाली बसते आणि काठीचा मार खाते. मग लिहिलंय की परमेश्वराने त्या गाढवीचं तोंड उघडलं. बलामने उघडलं नाही, तिने स्वतःहूनही उघडलं नाही. परमेश्वराने उघडलं.

आणि काय बोलली ती? शाप दिला नाही. तिने दोनच गोष्टी विचारल्या. मी तुझं काय केलं, की तू मला तीनदा मारलंस? आणि, मी तुझीच गाढवी ना, आजवर तू माझ्यावरच बसत आलास, असं मी कधी वागले होते का? बलामला म्हणावं लागलं, "नाही."

यातला दुसरा प्रश्न तू जपून ठेव. लग्न होऊन आलीस त्या वर्षापासून खलाशांचे डबे तू केलेस, वलांडीवर बोंबील टाकलेस आणि पाऊस भरून आला की धावत जाऊन काढलेस, मासळी डोक्यावर घेऊन बाजारात गेलीस. हे तू पत्रात लिहिलं नाहीस, पण कोळणीचं आयुष्य मला माहीत आहे. इतकी वर्षं वाहिलंस, कधी अडलीस का? मग आज अडली आहेस तर पुढे काहीतरी असेल, हे घरच्यांना कळायला हवं.

गोष्टीचा शेवट तर लोक विसरूनच जातात. देवदूत बलामला सांगतो की ही गाढवी माझ्यासमोरून तीनदा वळली नसती तर मी तुला ठार केलं असतं आणि तिला जिवंत ठेवलं असतं. म्हणजे तिच्या अडण्यामुळे वाचला तो मारणारा. तुझ्या दिराला आज हे दिसत नाही. भावाच्या पोराचा घास त्याच्या ताटात येतोय, आणि त्या वाटेवर पुढे काय उभं आहे ते तुला दिसतंय. तू अडलीस यात त्याचंही भलं आहे.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातला सगळ्यात खरा प्रश्न त्याचाच आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या मुलांनी मेंढरं पाहिलेली नसतात. कोंबडी, बकरी, मांजर, ओहोटीच्या वेळी खाडीत येणारे बगळे, एवढंच त्यांचं जग. मीही नोकरीला लागेपर्यंत पाहिली नव्हती. मग अलिबागच्या बाजूला एका गावात शाळेवर गेले. दिवाळीनंतर भातकापणी उरकली की घाटावरून धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरायचे. शेतकरी त्यांना आपल्या शेतात मेंढ्या बसवायला बोलवायचे, रात्रभराच्या लेंड्यामुताने शेताला खत मिळतं म्हणून, आणि बदल्यात भात किंवा पैसे द्यायचे. संध्याकाळी धसकटांच्या शेतात जाळीचं कुंपण उभं राहायचं. त्याला ते वाघर म्हणत. ती जाळी पाहून मला आपल्या किनाऱ्यावरची जाळीच आठवायची.

एका सकाळी तळ्यावर दोन कळप एकत्र आले. दोन-तीनशे मेंढ्या, सगळ्या मला एकसारख्या. मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत ही वेगळी होत नाहीत. धनगर मात्र निवांत होते. एक जण बांधावर चढला आणि त्याने जिभेने एक आवाज काढला, ट्रर्र्र असा, शेवटी उंच जाणारा. दुसऱ्याने पलीकडून शीळ घातली. माना वर झाल्या. मग तो सगळा गोंधळ मधोमध फाटल्यासारखा झाला आणि कळप दोन बाजूंना चालू लागले. माझ्या वर्गातला एक पोरगा नकलाकार होता, त्याने धनगराची हाक हुबेहूब काढली. मेंढ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घातलं.

त्या दिवशी मला योहानाचा 10वा अध्याय कळला. मेंढरं त्याचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, उलट त्याच्यापासून पळतात, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आपण मराठीत मेंढरासारखं म्हणजे डोळे मिटून कुणाच्याही मागे जाणं असं म्हणतो, पण येशूने जे मेंढरू डोळ्यांसमोर आणलं ते नेमकं उलटं आहे. ते निवड करतं. मुलाला हेही सांग की 2001 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की मेंढरू दुसऱ्या 50 मेंढरांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवू शकतं. मूर्ख म्हणायचं असेल तर दुसरं कुणीतरी शोधावं लागेल.

आणि मेंढरं सगळी गरीबही नसतात. हे मी त्याच शेतात पाहिलं. पाण्याची डोणी ठेवली की आडदांड नर आधी घुसायचे, खांद्याने रेटायचे, पाणी पिऊन झालं की त्यातच पाय घालून उभे राहायचे. लहान आणि आजारी मागे राहायच्या. मग धनगराची म्हातारी काठी घेऊन यायची आणि त्या दांडग्यांना मागे सारून मागच्यांना पुढे घ्यायची. यहेज्केलचा 34वा अध्याय काढ आणि 17व्या ओवीपासून वाच. परमेश्वर म्हणतो, चांगलं कुरण खाऊन उरलेलं पायाखाली तुडवता, स्वच्छ पाणी पिऊन उरलेलं गढूळ करता, आणि माझ्या दुबळ्या मेंढरांना ते खावं-प्यावं लागतं. तुम्ही अंगाने आणि खांद्याने रेटता, शिंगांनी ढुशा देता. म्हणून मी मेंढरा-मेंढरात न्याय करीन.

ही ओवी मला आपल्या धर्मग्रामांसाठी, म्हणजे एकेका चर्चच्या लोकांसाठी, फार महत्त्वाची वाटते. लांडगा बाहेरून येतो हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक असतं. पण इथे रेटणारंही मेंढरूच आहे, त्याच कळपातलं, त्याच बाकावर बसणारं. म्हणून कुणी तुला म्हणालं की घरातलं भांडण, ख्रिस्ती माणसांनी न्याय कशाला मागायचा, तर यहेज्केल दाखव. कळपातल्या कळपात न्याय करायची गोष्ट परमेश्वराने स्वतः काढली आहे. आणि विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल येशूनेही चारचौघांत सुनावलं आहे. लूकच्या 18व्या अध्यायात न्यायाधीशाच्या मागे लागून लागून त्याला कंटाळा आणणारी बाई कोण होती? विधवाच.

एवढं तुझ्या बाजूने लिहिल्यावर एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, आणि ती तू मनावर घे. तू योग्य तेच मागितलंस, पण सुरुवात शेवटच्या पायरीपासून केलीस. मत्तयच्या 18व्या अध्यायात येशूने क्रम सांगितला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकटीने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरी नाही तर मंडळीला सांग. तू सरळ सगळ्यांसमोर, त्याच्या आईच्या देखत, रोझरीत विचारलंस. चारचौघांत मान खाली गेली की तांडेल माणूस उठून जाणारच. हा क्रम अध्यायात कुठे येतो बघ. लगेच आधी 99 मेंढरं सोडून एका हरवलेल्या मेंढराला शोधायला डोंगरात गेलेल्या माणसाची गोष्ट आहे. मधे एकही ओळ नाही. म्हणजे अपराध करणारा भाऊ हाच हरवलेलं मेंढरू, आणि त्याच्याकडे हिशोब घेऊन जाणं हेच त्याला शोधायला जाणं. तुझा दीर हरवलाय, बाय. तुझा हिशोब आणि त्याचा जीव, दोन्ही परत आणायचे आहेत, असं मनाशी धरून जा.

कसं जायचं? त्यासाठी मत्तय 10:16. सापांसारखं चतुर आणि कबुतरांसारखं निरुपद्रवी व्हा, असं येशूने मेंढरांनाच सांगितलंय, लांडग्यांमध्ये पाठवताना. एकाच वाक्यात चार जनावरं.

साप आधी. आधी कागद जमव. मत्स्यव्यवसाय खात्याकडचं बोटीचं रजिस्ट्रेशन, त्याची प्रत. मच्छीमार संस्थेतलं नवऱ्याचं सभासदत्व. डिझेल परतावा कुणाच्या खात्यात जातो ते. इंजिनच्या कर्जाची मूळ रक्कम आणि बाकी. मृत्यूचा दाखला. आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि मागे बायको-मुलं असली, तर त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश बायकोचा आणि दोन तृतीयांश मुलांचा, मुलगा-मुलगी सारखेच. बोटीत नवऱ्याचा निम्मा भाग असेल आणि मूल एकच असेल, तर पूर्ण बोटीत तुझा सहावा हिस्सा आणि मुलाचा तिसरा. उरलेला निम्मा दिराचा. कुठे नॉमिनी म्हणून दुसऱ्याचं नाव असलं तर घाबरू नकोस, नॉमिनी सांभाळणारा असतो, वारस होत नाही. आणि 1987च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला वकिलाची मदत मोफत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. वसईच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी कर. तिथे गेलीस म्हणजे लगेच दावा लावलास असं होत नाही. आपलं काय आहे ते समजून घेऊन बोलायला बसणं, एवढंच.

आता कबूतर. हिशोब मागताना तूही पूर्ण हिशोब धर. डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांचे पगार बोटीच्या खर्चात जातात. दीर समुद्रावर जातो, त्या मेहनतीचा मोबदला त्याचा, तो वाट्यातून वगळायचा. इंजिनचं कर्ज खरं असेल तर तुझ्या हिश्श्याचं कर्जही तुझं. हे तू आधी म्हणालीस तर त्याच्या हातातलं मोठं शस्त्र गळून पडेल. बाजारात बसल्यावर त्याच्याबद्दल एक शब्द काढू नकोस. मुलाला निरोप्या करू नकोस. आणि येशूने कर्मठ परुशांना सापाची पिल्लं म्हटलं म्हणून आपण दिराला म्हणायचं नाही.

दिवस सध्या बंदीचे आहेत, 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्याला. हीच वेळ. दीर घरी आहे, अंगात थकवा नाही, डोक्यात मासळीचा भाव नाही. नारळी पौर्णिमेच्या आत एकदा एकटी जा. नाही जमलं तर दुसऱ्या वेळी नवऱ्याबरोबर समुद्रावर गेलेला एखादा जुना तांडेल बरोबर ने, ज्याला बोटीचा खर्च कळतो आणि ज्याचा दीर मान ठेवतो. फादर तिसऱ्या पायरीवर.

त्याही आधी मात्र सासूबाईंकडे जा. लूकच्या 13व्या अध्यायात येशू हेरोदाला "तो कोल्हा" म्हणतो, आणि दोनच ओव्यांनंतर स्वतःला काय म्हणतो? कोंबडी. पिल्लांना पंखांखाली घ्यायला धडपडणारी. सिंहाची उपमा त्याला सहज घेता आली असती. तू अंगणातली कोंबडी पाहिली आहेसच. आभाळात घारीची सावली फिरली की तिचा आवाज बदलतो, ती पंख फुगवून जमिनीला टेकते आणि पिल्लं कुठूनकुठून धावत आत शिरतात. एखादं बाहेर राहिलं की ती उठतही नाही आणि बसतही नाही, अर्धी उभी राहून ओरडत राहते. त्या संध्याकाळी तुझ्या सासूबाई तशा अर्ध्या उभ्या होत्या. एक मुलगा कबरीत, दुसरा रागाने दारातून बाहेर जाताना. त्यांचं रडणं तू तुझ्याविरुद्ध धरू नकोस. नातवाला घेऊन त्यांच्याजवळ बस. त्या दिवशी हिशोबाचं बोलू नकोस.

आणि तुझं काय? दिवसभर दुसऱ्याच्या बोटीची मासळी विकताना, आपली बोट समुद्रात दिसत असताना, काय वाटत असेल ते तू लिहिलं नाहीस. पण एक गोष्ट तुला इतरांपेक्षा चटकन कळेल म्हणून सांगते. मत्तयमध्ये येशू म्हणतो, एका दमडीला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये म्हणतो, दोन दमड्यांना पाच. तू भाव करणारी आहेस, हिशोब कर. दोनाला चार व्हायला हव्यात. पाचवी कुठून आली? ती वरची. गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, वर एक टाक ना," आणि तू वाट्यावर एक बोंबील टाकतेस, तशी. तिची किंमतच धरलेली नाही. आणि येशू नेमकं तिथे सांगतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. ही भावातली बारीक गंमत शुभवर्तमानात शिल्लक राहिली, कारण बाजारात बसलेल्या बायांकडे येशूने नीट पाहिलं होतं. त्याच्या घरची स्थिती तरी काय होती? मरिया आणि योसेफ त्याला मंदिरात घेऊन गेले तेव्हा शुद्धीकरणाचं अर्पण म्हणून त्यांनी पक्ष्यांची जोडी दिली. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने पक्षी द्यावेत, असा नियम होता. देवाच्या कोकराच्या घरात कोकराला पैसे नव्हते.

आता ते चित्र. मुलाने अजून रंगवलं नसेल तर त्याला बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, 5वा अध्याय वाचून दाखव. योहान रडत असतो, कारण गुंडाळी उघडायला योग्य असं कुणी सापडत नाही. एक वडील माणूस त्याला म्हणतो, रडू नकोस, यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे, बघ. योहान बघतो तर समोर कोकरू उभं. वधलेलं दिसतंय, पण उभं आहे. आणि त्याला सात शिंगं आहेत, सात डोळे आहेत. वर्गात दिलेल्या चित्रात नुसती लोकर आणि दोन गोल डोळे असतील. मुलाला सांग, पेन्सिल घे, आधी शिंगं काढ, मोजून सात, आणि मग रंगव.

तुझी,
बाई